एम्पायर टोटल वॉर: मराठ्यांचं कॅम्पेन १७३० नंतर मिळमिळीत होतं, काय करता येईल?

नर्मदापार

गेम २००९ चा आहे, नकाशावर पाळीपाळीने (टर्नने) राज्य चालवायचं आणि लढाया लढायच्या असा, पण मराठे खेळायला देणारे एवढे मोठे गेम आहेत तरी किती, म्हणून विचारतोच. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हॉस्टेलवरच्या लॅपटॉपला नवीन काही झेपत नाही, एम्पायर टोटल वॉर मात्र चालतो.

मराठ्यांचं कॅम्पेन १७०० ला साताऱ्याहून सुरू होतं. पहिली दहा-बारा वर्षं काय मजा येते, विचारू नका. मोगल अंगावर, खजिन्यात खडखडाट, पोर्तुगीज गोव्यात बसून डोळे वटारतायत. प्रत्येक लढाईला जीव मुठीत. मग एकदा का दख्खन आणि गुजरात हातात आले, की पुढचं सगळं घाट उतरणाऱ्या एसटीसारखं. ॲक्सिलरेटर द्यावाच लागत नाही. १७३० च्या आत काश्मीरपासून खाली टोकापर्यंत सगळा नकाशा आपल्या रंगाचा. माझे वीस-वीस तुकड्यांचे स्टॅक फिरतायत आणि समोरून चार तुकड्यांची फौज येते, ती चिरडायची, पुन्हा टर्न संपवायचं बटण. कॅम्पेन १७९९ पर्यंत आहे. सत्तर वर्षं कोण बटण दाबत बसणार?

अवघडपणा सगळीकडे 'व्हेरी हार्ड' करून पाहिला. झालं काय, तर शत्रूचे साधे भालेवाले माझ्या कवायती बंदूकधाऱ्यांच्या तीन फैरी खाऊन जागचे हलत नाहीत. त्याने राग येतो, मजा येत नाही.

रूममेट म्हणतो प्रशिया घे, चारी बाजूंनी मार पडेल. पडेल हो, पण मला मराठेच खेळायचेत. मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) टाकू का? की आपणच स्वतःवर काही बंधनं घालून खेळायचं? कुणी तसं खेळतं का?

तोफखाना

आधी एक सेटिंग सुधार. मोहिमेचा अवघडपणा आणि लढाईचा अवघडपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोहिमेचा वाढवलास की एआयच्या, म्हणजे कॉम्प्युटर खेळतो त्या, राज्यांना पैशाच्या सवलती मिळतात आणि ती तुझ्यावर जास्त उठतात. लढाईचा वाढवलास की त्यांच्या तुकड्यांना आयता बोनस मिळतो. अक्कल मिळत नाही. तुझे भालेवाले हलत नाहीत ते त्यामुळे. मोहीम व्हेरी हार्ड, लढाई नॉर्मल किंवा फार तर हार्ड.

दुसरं, डार्थमॉड टाक. लढाईत एआयच्या रांगा नीट लागतात, तो अंगावरही नीट येतो, आणि नकाशावर चार तुकड्यांची भटकी टोळकी कमी होऊन खऱ्या फौजा दिसतात. फक्त लक्षात ठेव, गेम ३२ बिटचा आहे. तुकड्यांचा आकार वाढवून ठेवलास आणि कॅम्पेन लांबलं की मेमरी पुरत नाही, क्रॅश होतो. आकार बेताचा ठेव, सेव्ह दोन-तीन नावांनी करत जा.

तिसरं, ब्रिटन घेऊन बघ. एआयच्या हातातले मराठे काय करतात ते कळेल. मोगल संपवून इराणच्या दारात उभे असतात. त्यांना अडवणं हे खरं कॅम्पेन.

गच्चीवरून_अजिंक्यतारा

मी साताऱ्यातच राहतो. गेममध्ये राजधानी सातारा आहे एवढं कळल्यावर विकत घेतला, बाकी काही बघितलं नाही. दिवसा लोकांची जीएसटी रिटर्नं भरतो आणि रात्री औरंगजेबाशी भांडतो. बायको म्हणते दोन्हीकडे वसुलीच.

तोफखाना यांचं सेटिंगबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, ते करच. पण अरे, तुझी खरी अडचण लढाया सोप्या असण्याची नाहीये. जिंकलेलं पचवणं सोपं आहे, ही अडचण आहे. गेममध्ये शहर घेतलं की दोन-चार टर्न लोक कुरकुर करतात, तू एक फौज ठेवतोस, कर थोडा कमी करतोस, आणि मग तो सुभा कायमचा तुझा. त्याचा पैसा साताऱ्याला, त्या पैशातून पुढचा स्टॅक, त्या स्टॅकने पुढचा सुभा. यात एआयने कुठे काय करायचं?

आता खऱ्या मराठ्यांचं बघ. १७१९ ला बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून काय घेऊन आले? प्रदेश नाही, सनदा. दख्खनच्या सहा सुभ्यांवरची चौथाई आणि सरदेशमुखी, म्हणजे पंचवीस आणि दहा टक्के. राज्य दुसऱ्याचं, वसुलीचा हक्क आपला, आणि तो हक्क दरवर्षी घोड्यावर बसून बजावायचा. निजामाने खळखळ केली म्हणून तर १७२८ चं पालखेड. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळतं: आदेश हातात असणं वेगळं आणि पैसे खात्यात येणं वेगळं.

म्हणून मी लढाई अवघड करत नाही. धरून ठेवणं अवघड करतो. माझे नियम सांगतो, सगळे घ्यायलाच पाहिजेत असं नाही.

सगळ्यात मोठा नियम पावसाळ्याचा. या गेममध्ये वर्षाला दोन टर्न, एक उन्हाळी, एक हिवाळी. उन्हाळी टर्न म्हणजे पावसाळा धरायचा. दसऱ्याला सीमोल्लंघन, म्हणजे हिवाळी टर्नलाच आक्रमण. उन्हाळी टर्न लागला की फौज आपल्या मुलखात छावणीला परत. नाही पोचली, तर पुढच्या हिवाळ्यात तिने फक्त घरी यायचं. हल्ला करायचा नाही, तुकड्या भरून घ्यायच्या नाहीत. पावसाळ्यात बचाव करायचा, चाल करायची नाही. शत्रूला मात्र हा नियम लागू नाही, तो बाराही महिने येतो.

ऐकायला साधा वाटतो, पण एवढ्या एका नियमाने गेम बदलतो. जाऊन परत यायचं असेल तर तोफा नेता येत नाहीत, कारण तोफांमुळे सगळी फौज हळू चालते. मग तू आपोआप नुसत्या घोडदळाच्या फौजा करायला लागतोस. नुसत्या घोडदळाने तटबंदीचं शहर घेणं जड जातं. मग शहर सोडून मुलूख मारायला लागतोस. मला हे कुठल्या पुस्तकाने इतकं नीट शिकवलं नव्हतं. पालखेडला निजामाला जड तोफखाना मागे सोडून धावावं लागलं आणि शेवटी बिनपाण्याच्या जागी कोंडला गेला, हे शाळेत वाचलं होतं. का धावावं लागलं, ते नकाशावर घोडी दमवून कळलं.

मुलूख मारायची सोय गेममध्ये आहे, पण लोक वापरत नाहीत. प्रत्येक सुभ्यात मुख्य शहराखेरीज शेतं, गावं, बंदरं, कारखाने वेगळे दिसतात ना? त्यावर फौज नेऊन उभी केली की ते उद्ध्वस्त होतं, शत्रूचं उत्पन्न पडतं, आणि शहराच्या तटाला हातही लावावा लागत नाही. म्हणून माझा दुसरा नियम: १७०७ पर्यंत एकही शहर घ्यायचं नाही. फक्त गावं-शेतं. तिकडे औरंगजेब फेब्रुवारी-मार्च १७०७ पर्यंत जिवंत आहे, नगरजवळ भिंगारला मरेपर्यंत त्याने आपली माणसं किल्ल्या-किल्ल्यावर घासली. गेम तुला सातारा आयता देतो, पण प्रत्यक्षात एप्रिल १७०० मध्ये हा आमचा किल्ला मोगलांनी घेतला होता, महिनोन् महिने वेढा घालून. राजाराम महाराज त्याच्या थोडं आधी सिंहगडावर वारले होते. ताराबाईंनी ती सात वर्षं राजधानी धरून नाही काढली. फौजा माळव्यात आणि गुजरातेत सोडून काढली. तशी काढून बघ. चौदा टर्न आहेत फक्त, आणि खजिना इतका रडतो की विचारू नकोस.

आता वहीचा भाग. हसायचं नाही. माझ्याकडे खरंच एक लेजर आहे, लाल कापडी पुठ्ठ्याचं.

नवीन सुभा घेतला की तो एका सेनापतीच्या नावावर सरंजाम, म्हणजे फौज पोसायला दिलेला मुलूख, म्हणून लिहायचा. त्या सुभ्यातून जे उत्पन्न दिसतं, त्याचा चौथा हिस्सा साताऱ्याचा. उरलेले तीन हिस्से त्याच सुभ्यात खर्चायचे: त्या सरदाराच्या फौजेचा पगार, तिथले रस्ते, तिथली बांधकामं. एका सरदाराची फौज दुसऱ्याच्या फौजेत मिसळायची नाही. लढाईला दोघं शेजारी उभे राहून एकमेकांना कुमक देऊ शकतात, तेवढंच. म्हणजे बंगालचा पैसा उचलून दिल्लीला लढणं बंद. नागपूरकर भोसल्यांनी १७४१ पासून दहा वर्षं बंगालवर स्वाऱ्या केल्या, त्याचा किती पैसा पुण्याच्या कामी आला हे सांगायला नको.

आणि दर दसऱ्याला प्रत्येक सरदारासाठी एक फासा. एक पडला तर सरदार रुसला: या वर्षी तो आपल्या सुभ्याबाहेर पडणार नाही, साताऱ्यावर मोगल आले तरी. सहा पडला तर तो आपल्या मनाने निघाला: शेजारचा एक सुभा चिठ्ठीने काढायचा आणि त्याला तिकडे पाठवायचंच, तह असला तरी. सरदारांची निष्ठा हा प्रकार या गेममध्ये नाहीच, म्हणून फाशाने आणायचा. निष्ठा नसली की काय होतं ते डभईला १७३१ मध्ये दिसलं. सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले, आणि ते पडले बाजीरावांच्या फौजेकडून. गेममध्ये माझ्याच दोन फौजा एकमेकींशी लढू शकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कर्ज हा माझा सगळ्यात आवडता नियम. बाजीरावांची त्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रं आहेत, सावकारांनी कसं गांजलंय याची. स्वामींचं धावडशी इथून जवळच आहे, मी वर्षातून एकदा जातो. एवढा मोठा पेशवा आणि पत्रात रडतोय काय, तर देण्यांवरून. गेममध्ये सावकार नाही. म्हणून मी व्याज शत्रूला देतो. हिवाळी टर्नच्या शेवटी खजिन्यात जे शिल्लक असेल त्याचा चौथा भाग राजनैतिक भेट म्हणून मोगलांना. मोगल संपले असतील तर जो सगळ्यात मोठा वैरी उरला असेल त्याला. भेटीने संबंध थोडे सुधारतात हे खरं, पण तू सुभे गिळत असलास की विस्ताराचा राग त्याहून जास्त असतो, त्यामुळे मैत्री वगैरे होत नाही. होतं एवढंच की तुझ्या पैशावर त्याची फौज उभी राहते. पैसे साठवून ठेवायची सवय या नियमाने एका वर्षात सुटते.

बाकीचे नियम बारीक आहेत. मंत्री मरेपर्यंत बदलायचा नाही, कितीही मूर्ख निघाला तरी. पेशवेपद वंशपरंपरेने गेलं तेव्हा कुणी गुण तपासले नव्हते. आरमार कोकणपट्टी सोडून जाणार नाही, फक्त फिरंग्यांच्या व्यापारी वाटांवर बसेल. सेव्ह-लोड, म्हणजे हरलो की जुन्या सेव्हवरून पुन्हा खेळणं, बंद.

आणि नर्मदेपलीकडे जाणाऱ्या मोठ्या फौजेला बुणगे, म्हणजे न लढणारी माणसं. वीस तुकड्यांचा स्टॅक उत्तरेला न्यायचा तर त्यातल्या पाच तुकड्या सगळ्यात स्वस्त, बिनकामाच्या. त्या लढाईत मागे उभ्या राहतील, एक गोळी झाडणार नाहीत. त्यातली एक जरी पळाली तरी लढाई सोडून माघार. भाऊसाहेबांबरोबर पानिपताला लढणारे किती आणि यात्रेकरू, बायका-मुलं, बाजारबुणगे किती, ते आठव. मग तुला एआय मंद वाटणार नाही.

बखरवाचक

वरचं वाचून एकच प्रश्न पडला. हा खेळ आहे का प्रायश्चित्त?

गंमत सोडा, पण माझा तत्त्वाचाच आक्षेप आहे. जे गेमच्या यंत्रणेने करायला हवं ते तुम्ही वहीत करताय. मी नियम केला, मीच पाळला, मीच मोडला तर दंड कोण करणार? रात्री दीडला साताऱ्यावर वेढा पडला की पावसाळ्याचा नियम कसा वाकतो ते मला माहीत आहे.

युरोपा युनिव्हर्सालिस ४ हा दुसरा गेम घे. ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो, दख्खनमध्ये बहमनी असतात, मराठी संस्कृतीचं एखादं छोटं राज्य वाढवत पुढे मराठा राज्य स्थापता येतं. तिथे भराभर प्रदेश घेतलास की आजूबाजूचे सगळे बिथरतात आणि एकत्र येऊन आघाडी करतात. जिंकलेला प्रदेश आपलासा करायला प्रशासनाचे गुण खर्चावे लागतात आणि वेळ लागतो. शंभर टक्क्यांच्या वर बोजा गेला की राज्यभर बंडं आणि एकेक दुखणी. आयर्नमॅन लावलास की सेव्ह-लोडचा प्रश्नच मिटला. पचवणं अवघड, हेच हवंय ना? तिथे ते आयतं आहे, लाल पुठ्ठ्याची वही लागत नाही.

आणि फाशाबद्दल. सरदार काय फासे पडले म्हणून रुसत होते? दाभाड्यांचा गुजरातच्या हक्काचा वाद होता. चौथाईत पेशव्यांनी हात घातला म्हणून ते निजामाच्या बाजूला झुकले. कारण होतं. तुमचा फासा कारण देत नाही, नुसता अपघात करतो. त्यापेक्षा असं करा: ज्या सरदाराला पाच वर्षांत नवीन मुलूख मिळाला नाही तो रुसतो. ज्याच्या शेजारच्याला मिळाला आणि त्याला नाही, तो आपल्या मनाने निघतो. मग तुम्हाला खरंच राजकारण करावं लागेल.

गच्चीवरून_अजिंक्यतारा

बखरवाचक, सरदारांचं तुमचं म्हणणं एकदम पटलं. फासा ठेवतो, पण तुमच्या नियमाने तो झुकवतो: पाच वर्षं उपाशी ठेवलेल्या सरदाराला एक-दोन दोन्हीला रुसवा, शेजाऱ्याला मिळालं असेल तर पाच-सहा दोन्हीला स्वारी. आजच लेजरात एक रकाना वाढवला.

युरोपाचं मात्र नाही पटलं. गेम उत्तम आहे, माझ्याकडे आहे. पण त्यात लढाई आकड्यांनी होते. टेकडीच्या आडून हजार घोडी एकदम सुटताना तिथे दिसत नाहीत. मला दोन्ही हवंय. आणि दंड कोण करणार म्हणाल तर, माझ्या मुलाला रोज वही दाखवतो. तो आठवीत आहे आणि माझ्यापेक्षा कडक ऑडिट करतो. मागे एकदा उन्हाळी टर्नला 'नुसती पुढे सरकवली, लढलो नाही' असं म्हणालो तर त्याने सरळ फौज विसर्जित करायला लावली.

तोफखाना

एक तांत्रिक गोष्ट राहिली. डार्थमॉड आणि हे घरगुती नियम एकत्र चालतात, पण भेटीचा नियम जपून. मॉडमध्ये एआय आधीच जास्त फौजा काढतो. त्यात चौथा भाग दिलास तर दहाएक वर्षांत मोगलांचे इतके स्टॅक होतील की टर्न संपायला चहा करून यावं लागेल. दहावा भाग पुरे.

नर्मदापार

परीक्षा संपली, आणि मी बसलो. मॉड नाही टाकला, सेटिंग तोफखाना म्हणाले तसं केलं, मोहीम व्हेरी हार्ड, लढाई नॉर्मल. नियम काकांचे जवळजवळ सगळे. वहीऐवजी फोनवर शीट केलीय, तेवढी सूट द्या.

पहिली सात वर्षं शब्दशः भिकेत गेली. शहर घ्यायचं नाही म्हटल्यावर मी चार-चार घोडदळाच्या तुकड्यांच्या टोळ्या करून मोगलांची शेतं आणि गावं जाळत सुटलो. पहिल्या हिवाळ्यात वाटलं हे फार सोपं आहे. मग उन्हाळी टर्नला ते साताऱ्यावर आले. माझ्या टोळ्या सगळ्या छावणीत, हल्ला करायची परवानगी नाही, शहराच्या आत पायदळ थोडंसं. तटावरून लढलो, कसंबसं वाचवलं, पण अर्धं पायदळ गेलं आणि ते भरायला पैसे नाहीत. एरवी मी बाहेरून घोडदळ आणून त्यांना पाठीमागून फोडलं असतं. नियम नसता तर ही लढाई मला आठवलीही नसती.

१७०८ ला गुजरात घेतला आणि सरंजाम लावला. तिथल्या सरदाराला तिसऱ्याच दसऱ्याला सहा पडला आणि तो राजपुतान्यात घुसला, ज्यांच्याशी माझा व्यापाराचा करार होता. करार गेला, उत्पन्न गेलं, आणि वरून त्या सरदाराला नवीन मुलूखही मिळाला नाही, मार खाऊन परत आला. आता शीटप्रमाणे तो उपाशी सरदारांच्या यादीत जातोय.

सांगायचं म्हणजे आता १७१४ चालू आहे आणि माझ्याकडे एरवीच्या निम्मेसुद्धा सुभे नाहीत. रूममेट प्रशिया सोडून माझ्या मागे खुर्ची टाकून बसतो आणि मोगलांच्या बाजूने सल्ले देतो.

दोन शंका. पहिली: माळव्यात मोठी फौज नेली होती, पाच बुणगे धरून. लढाई जवळजवळ जिंकली होती, मोगलांचं पायदळ फुटलेलं, आणि त्यांचं एक घोडदळ वळसा घालून मागे आलं, बुणग्यांची एक तुकडी पळाली. समोर शत्रू पळतोय आणि मागे माझे बुणगे पळतायत. तरीही माघार घ्यायची? दुसरी: बाळाजी विश्वनाथांसारखा सनदांचा मार्ग गेममध्ये कसा आणायचा? शहर न घेता मोगलांकडे नुसते पैसे मागितले तर ते देत नाहीत.

बखरवाचक

काका म्हटलंस आता त्यांना. संपलास.

माघार घ्यायची. त्यात विचारायचं काय? पानिपतलाही दुपारपर्यंत रंग आपल्या बाजूलाच होता. विश्वासराव पडले आणि पुढचं तुला माहीत आहे.

गच्चीवरून_अजिंक्यतारा

बखरवाचकांना अनुमोदन, माघार. पण पूर्ण पराभव धरू नकोस. माघारीचं बटण दाबायच्या आधी तुझं जे घोडदळ समोरच्यांचा पाठलाग करतंय त्याला पाठलाग पुरा करू दे, एवढी मुभा मी घेतो. आणि पुढच्या वेळी बुणगे सपाटीवर मोकळे ठेवू नकोस. नकाशाच्या कडेला, झाडीत किंवा टेकडीच्या मागे, आणि त्यांच्याजवळ दोन घोडदळाच्या तुकड्या कायमच्या अडकवून ठेव. म्हणजे पाच नाही, सातच तुकड्या गेल्या तुझ्या. मोठी फौज उत्तरेला न्यायची किंमत ही अशी वाढत जाते, म्हणून मी शक्यतो दहा-बाराच्या चपळ फौजाच पाठवतो. बुणग्यांचा नियम मोठ्या स्टॅकलाच आहे, ही पळवाट मुद्दाम ठेवलीय.

सनदांचं असं. एआय पैशाला फार चिकट आहे, नुसतं मागून काही मिळत नाही. मी उलटं करतो. शहर घ्यायचं, एक पावसाळा धरायचं, आणि मग वाटाघाटीत तोच सुभा परत देऊ करून त्या बदल्यात पैसे आणि तह मागायचा. आपलं गेलेलं परत मिळतंय म्हटल्यावर पुष्कळदा हात सैल होतो. थैली मोठी मागू नकोस, तीनदा छोटी माग. तह झाला की त्या राज्याशी पाच वर्षं लढायचं नाही, पण त्याने दुसऱ्यावर हल्ला केला तर तू त्याच्या मदतीला धावून जायचं. सनदांच्या बदल्यात शाहू महाराजांनी बादशहाची चाकरी कबूल केली होती, ती अशी गेममध्ये येते. पाच वर्षांनी पुन्हा शहर घ्यायचं आणि पुन्हा विकायचं. माझ्या कॅम्पेनमध्ये हैदराबाद चारदा विकून झालंय.

तुझ्या गुजरातच्या सरदाराचं काय करणार आहेस? मार खाऊन आलाय, मुलूख नाही, करार मोडून बसलाय. त्याला माळव्याची आशा लाव, निदान या दसऱ्यापर्यंत. आणि माळवा जिंकल्यावर तो त्याला देऊ नकोस, दुसऱ्या कुणाला दे. मग काय होतं ते इथे येऊन सांग, मुलाला ऑडिटसाठी दाखवतो.